पाखरू कुठे बघत होतं

केझाया पॉटलबद्दल आमच्या सफोकमधल्या गावात दोन मतं नव्हती. बाई तोंडाची फटकळ, पण हात सोन्याचे. थॉर्नी हॉल या बड्या वाड्याच्या धुणीघरात तिनं एकतीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात एकही डाग तिच्या हातून जिवंत सुटला नाही. पाद्रीबाबा चर्चमध्ये पापांबद्दल बोलत तेव्हा ही त्यांच्या बाहीवरचा चहाचा डाग बघत बसायची. "आधी ती बाही पाठवा माझ्याकडे, मग आत्म्याचं बघू," असं तिनं एकदा त्यांना तोंडावर सुनावलं होतं. लिहावाचायला तिला येत नव्हतं. पण हॉलच्या चादरींवर खुणेच्या शाईनं अक्षरं काढायची ती तीच, आणि एकदा डोळ्यांखालून गेलेली खूण ती विसरत नसे.

नवरा लवकर गेला. मागे उरली एक मुलगी, टॅबी. एकोणीस वर्षांची, आईच्याच हाताखाली कामाला. पोरगी बापाच्या वळणावर गेलेली. साबणाचा फेस बघत उभी राहील, नाहीतर ॲप्रनच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं काहीबाही भरत बसेल. केझाया दिवसभर तिच्यावर खेकसायची आणि रविवारी पुडिंगमधले मनुके वेचून तिच्या ताटात टाकायची.

१९०८ सालच्या मे महिन्यात हॉलचे मालक सर लॅम्बर्ट इजिप्तहून एक लांबलचक पेटी घेऊन आले. पेटीत देव आहे म्हणाले, कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळलेला. शनिवारी पाहुण्यांसमोर त्यांनी त्या पट्ट्या सोडवल्या आणि गालिच्यावर ढीग तसाच टाकून मंडळी जेवायला गेली. आता, घर सांभाळणाऱ्या मिसेस गेझ यांना मळकं कापड नजरेसमोर सहन होत नसे. सोमवारी तो ढीग धुण्यात आला. सर लॅम्बर्टना कुणी विचारलंही नाही.

केझायानं पट्टी हातात घेतली आणि ती हरखून गेली. इतक्या बारीक विणीचं लिनन तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. पण प्रत्येक पट्टीच्या टोकाला काळ्या शाईचे डाग. सेहेचाळीस पट्ट्या. तिनं बाह्या वर सारल्या. आंबट दूध, लिंबाचं मीठ, उकळतं पाणी, मग हिरवळीवरचं ऊन. तीन दिवस झटापट चालली. बुधवारी थकून तिनं शेवटची पट्टी टॅबीकडे टाकली.

"आई, हा डाग नाहीये गं. पाखरू आहे. माणसाचं तोंड आहे त्याला."

"डाग तो डाग. घास."

"बघ तरी एकदा!"

"पाखरं बघायला वेळ नाही मला. तुझ्या बापानं बघितली तेवढी पुरेत."

गुरुवारी दुपारी ती पट्टी पांढरीशुभ्र होऊन कुंपणावर वाळली. वर चहा न्यायला माणूस कमी पडलं म्हणून टॅबी आपला धुतलेला ॲप्रन बांधून गेली, आणि परतली नाही.

तासाभरानं केझाया शिव्या घालतच बागेतून वर गेली. दिवाणखान्याच्या खिडकीतून तिनं आत पाहिलं. सर लॅम्बर्टच्या खुर्चीत तो पेटीतला देव बसला होता. उंच, सुकलेला, जळक्या साखरेच्या रंगाचा. समोर अकरा माणसं हात खाली सोडून रांगेत उभी. मालक, पाहुणे, मिसेस गेझ. सगळ्यांत शेवटी टॅबी, ट्रे हातात धरून. चहाची वाफ किटलीच्या तोंडाशीच थांबली होती. केझायानं काचेवर मुठी आपटल्या, हाका मारल्या. पोरीची पापणी हलली नाही.

"आत जाऊ नका, तुम्हीही तशाच उभ्या राहाल," मागून कुणीतरी म्हणालं.

भाजीच्या वाफ्यांतून एक पुरुष आणि एक बाई येत होते. त्यांच्या कपड्यांना ना बटण, ना शिवण. त्याचं नाव ओरिन, तिचं मेव. आपण तीनशे वर्षं पुढच्या काळातून आलो आहोत, हे त्यांनी असं सांगितलं जसं कुणी शेजारच्या गावाहून आलो म्हणावं.

"मग मला सोमवारी नेऊन सोडा," केझाया म्हणाली. "मी त्या बोचक्याला हात लावत नाही. शपथ."

"तेवढंच जमत नाही, बाई," ओरिन म्हणाला. "ज्या गोष्टीमुळे आम्ही आलो तीच पुसता येत नाही."

"म्हणजे पोलिसांसारखेच तुम्ही. सगळं उरकल्यावर हजर!"

ओरिननं सांगितलं ते असं: ते डाग म्हणजे देवाला झोपवून ठेवणारे शब्द होते. त्याच पट्ट्यांवर ते पुन्हा उमटले, तर त्यांत त्याला गुंडाळता येईल. त्यांच्या अंगावरच्या कपड्यांमुळे त्या दोघांना आत थोडा वेळ वावरता येणार होतं. पण शब्द कुणी पाहिले होते?

"मी," केझाया म्हणाली. "तीन दिवस भांडलेय त्यांच्याशी."

धुणीघराच्या टेबलावर ती बसली आणि खुणेच्या शाईनं एकेक खूण काढत गेली. डोळा, साप, पाण्याची लाट. पंचेचाळीस पट्ट्या न अडखळता. "ही शाई पक्की आहे ना?" मेवनं विचारलं. "जगात कशानं जात नाही," केझाया म्हणाली. "मी सगळं करून बघितलंय." मग सेहेचाळिसावी पट्टी आली आणि हात थांबला.

"पाखरू होतं. माणसाच्या तोंडाचं."

"कुठे बघत होतं?" ओरिननं विचारलं. "डावीकडे की उजवीकडे? त्यात रांगेतल्या माणसांचा श्वास आहे. होतं तसं काढलंत तर ती सुटतील. उलटं काढलंत तर देव झोपेल, पण तीही तशीच उभी राहतील."

केझायानं डोळे मिटले. तिला फक्त टॅबीची खाली वाकलेली मान दिसली. पट्टीकडे तिनं पाहिलंच नव्हतं. बाकी सगळ्या खुणा उजवीकडे बघत होत्या, तेव्हा हेही उजवीकडेच असणार. तिनं टाक बुडवला.

मेवला रडू आवरेना. "आमच्या काळात ही रांग सापडली ना, तेव्हा बाकीच्यांचे कपडे पार गेले होते. तुमच्या लेकीचा ॲप्रन तेवढा... कुणीतरी तो वर्षानुवर्षं—"

"मेव!" ओरिन ओरडला.

पण केझायाला कळायचं ते कळलं. पोरगी तिथेच राहणार होती आणि ॲप्रन धुणारी दुसरी कोण असणार? म्हणजे आपण आत्ता जे काढणार ते चुकीचं. तिनं टाक फिरवला आणि पाखरू डावीकडे बघणारं काढलं.

दोघं पट्ट्या घेऊन आत गेले. ती खिडकीशी उभी राहिली. देव उठला नाही, झटापट केली नाही. त्यानं पट्टी बोटांनी चाचपली आणि काही विचारलं.

"काय म्हणतोय?" केझायानं बाहेरून विचारलं.

"विचारतोय, माझं कापड इतकं पांढरं कुणी केलं?" ओरिननं आतून सांगितलं.

आणि त्याही घटकेला तिला क्षणभर अभिमान वाटला. त्या क्षणाची लाज तिला मरेपर्यंत पुरली.

शेवटची पट्टी बसली. देव निजला. रांग तशीच उभी राहिली. ओरिन आणि मेव खाली मान घालून वाफ्यांतून निघून गेले.

सर लॅम्बर्टच्या भावानं हॉलला कुलूप घातलं. मागच्या दाराची किल्ली मात्र केझायानं आपल्याकडेच ठेवली, कुणाला मागू दिली नाही. सोमवारी ती आत गेली, लेकीच्या कमरेचा ॲप्रन सोडला आणि धुणीघरात आणून उजेडात पसरला. खालच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं पाखरू भरलेलं होतं, नवंकोरं, माणसाच्या तोंडाचं. उजवीकडे बघणारं.

पट्टी सोडावी तर तो उठणार. शाई तर जाणारीच नव्हती.

त्यानंतर बावीस वर्षं दर सोमवारी तिनं तो ॲप्रन धुतला, गार पाण्यात, लाल दोरा विटू नये म्हणून. इस्त्री करून पुन्हा लेकीच्या कमरेला बांधायची आणि रोज जेवायला हाक मारावी तशा आवाजात म्हणायची, "बघितलं गं, टॅबी. बघितलं मी."