रिकामी गोफण

निजामीतली गोष्ट. आमच्या बांधाला लागून शेजारच्या काकांचं वावर होतं. ज्वारी हुरड्यावर आली की ते राखणीच्या माळ्यावर चढत आणि गोफण फिरवताना जीभ दातांत धरत. त्यांचा दगड पाखराला कधी लागला नाही. तो थव्याच्या पुढ्यात पडे आणि अख्खा थवा वळे. कळमनुरीच्या बाजारात लोक त्या हाताबद्दल बोलत, तेव्हा ते शेजारीच उभे राहून वांग्यांचा भाव विचारत.

एकदा आमची बैलं उधळली. गाडीत आई आणि मी, समोर नाल्याची दरड. तेवढ्यात माळ्यावरून गोफण कडाडली आणि उजव्या बैलाच्या तोंडापुढे माती उडाली. जोडी डावीकडे वळली आणि नांगरटीच्या ढेकळांत रुतून थांबली.

वडील धापा टाकत आले. "बैलालाच काहून न्हाई मारलं?"

"बैल पडला असता, मंग गाडी बी. आत लेकरू हाय न्हवं!" एवढं म्हणून ते पुन्हा चिमण्यांकडे वळले.

पुढे त्यांचा खांदा गेला. तरी सुगीत ते डाव्या हाताने रिकामीच गोफण कडाडवत आणि थवा उठून आमच्या वावरात उतरे. वडील ओरडत, "आमच्यावर काहून धाडून राहिले?"

"थांबा, तिथली बी उठवतो."

आणि खरंच उठवत.

आता या भागात गोफण फिरवणारा जो तो जीभ दातांत धरतो. मीही धरतो, चांगला गोल दगड घालतो, नेम धरून फेकतो. पाखरं जराशी उडतात आणि पुन्हा त्याच कणसावर येऊन बसतात.