मावशीचं ‘धन्य’

अनाथाश्रमाच्या स्वयंपाकघरात उभी हयात काढलेल्या मावशीची जीभ तिखट, मन मात्र लोण्याचं. आश्रमाच्या थोरल्या सिस्टरांशी तिचं रोजचं खडाष्टक. मागच्या दारी कुणी भुकेलं उभं राहिलं, की सिस्टर हाताला लागेल ते देऊन मोकळ्या व्हायच्या आणि ऐन जेवणाच्या वेळी मावशीला रिकामा डबा सापडायचा.

सिस्टर वारल्या. पुढे त्यांना संतपद मिळावं अशी खटपट सुरू झाली. संत होण्याआधी माणूस ‘धन्य’ ठरावा लागतो, म्हणून एक फादर ओळखीच्यांच्या साक्षी घ्यायला आले. सुनेने मावशीला बजावलं, “आई, गोड गोडच बोला. तुमच्या तोंडापायी त्यांचं संतपद हुकायचं.” सिस्टरांवर मावशीचा जीव होता. पण शपथ घेऊन खोटं बोलायचं कसं?

फादरांनी विचारलं, “त्यांच्या हयातीत त्यांना कुणी धन्य म्हणायचं का?”

“मी म्हणायचे की. रोज.”

फादर हरखले. “तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?”

होला हो म्हणून सुटता आलं असतं. मावशीला ते जमेना.

“कळलं कसलं डोंबल! कसं म्हणायचे ते ऐका.” ती उठली, कमरेवर हात ठेवले आणि खिडकीची तावदानं हादरतील अशा आवाजात म्हणाली, “धन्य आहात हो बाई! पोरं पानावर बसलीत, आणि तुम्ही सगळे पाव वाटून आलात?”

फादरांची हसून हसून मुरकुंडी वळली. “मग त्या काय म्हणायच्या?”

“‘चुकलं’ म्हणायच्या, बाह्या सरसावून कणीक मळायला बसायच्या. त्यात मीठ विसरायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.” मावशीचा चेहरा पडला. “केलं ना मी वाटोळं?”

“उलट. त्या शांत होत्या, नम्र होत्या, असं सगळेच सांगून गेले. दुसऱ्याच्या भुकेपायी त्या रोज बोलणी खायच्या, हे आज कळलं. सगळं लिहून घेतो.”

“भांडणंसुद्धा?”

“ती आधी.”

मावशीचा जीव भांड्यात पडला. फादरांनी जाता जाता विचारलं, “आता त्यांची प्रार्थना करता ना?”

“प्रार्थना कसली, भांडते. आता निमूट ऐकून घेतात,” मावशी म्हणाली. “तेवढं मात्र मला सोसत नाही.”