यंदाचा कंदील

शेजारच्या काकू दिवाळीचा कंदील कधी विकत आणत नाहीत. पोलोग्राउंडच्या रस्त्यावर पडलेल्या गुलमोहराच्या शेंगा गोळा करून त्यांची झालर करतात आणि कामट्यांच्या सांगाड्यावर जुनी साडी चढवतात. साडी कुणाची, ते सगळ्या बिल्डिंगला माहीत असतं. त्या वर्षी इथली जी बाई गेली, तिच्या घरून काकू ती मागून आणतात.

"कपडा बढिया आहे भिया, भांडेवालीला कशाला देता? उजेडात राहू द्या ना." आवाजात इतकी माया असते की कुणाला नाही म्हणवत नाही.

यंदा बिल्डिंगमध्ये कुणी गेलं नाही. माझी आई तेवढी पावसाळ्यापासून अंथरुणावर आहे. काकू रोज येतात, तिचे पाय चेपून देतात आणि बोलता बोलता तिने पांघरलेल्या हिरव्या साडीचा काठ चिमटीत धरून चाचपतात. मला तिथे उभं राहवत नाही.

काल त्यांच्या गॅलरीत सांगाडा टांगलेला दिसला. झालर लागली होती, आत बल्बही होता.

"काकू, कंदील अजून उघडाच?" मी विचारलं.

"होईल ना भिया," त्या हसून म्हणाल्या. "दिवाळीला टाइम आहे अजून."