मोहघाटचा शिक्का

रुपराव भोयर एसटीत कंडक्टर होते आणि आयुष्यभर तिकिटं गोळा करत राहिले. एसटीची नव्हेत, पोस्टाची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी बायकोलाही या नादाला लावलं. जयवंताबाई परातीत कोमट पाणी घ्यायच्या, पाकिटाचे कापलेले तुकडे त्यात सोडायच्या आणि तिकीट आपोआप सुटून वर आलं की अलगद उचलून वर्तमानपत्रावर उलटं वाळत घालायच्या. रुपरावांनी हौसेनं चिमटा विकत आणला होता, पण जयवंताबाईंच्या बोटांपुढे तो कायम डब्यातच राहिला.

पुढे उमरेडकडच्या रूटवरची काही गावं धरणात जाणार असं ठरलं. गाव उठलं की तिथलं पोस्टही उठणार, गावाच्या नावाचा शिक्काही संपणार. मग रुपराव वाटेतल्या गावांच्या लाल डब्यांत स्वतःच्याच सक्करदऱ्यातल्या घराच्या पत्त्याची पाकिटं टाकत सुटले. त्यात मोहघाटही होतं, जयवंताबाईंचं माहेर. तिथलं पहिलं पाकीट घरी आलं, तेव्हा बाईंनी ते मोठ्या आशेनं उघडलं. आत कोरा कागद.

"एखादी ओळ तं लिहाची!" त्या म्हणाल्या.

"पाकीट दुमडू नये म्हणून टाकला वं कागद," रुपराव हसत म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण काही गोष्टी त्याच्या ध्यानातच येत नसत. ती पाकिटं मात्र सवडीनं सोडवू म्हणून बिस्किटाच्या डब्यात पडून राहिली.

निवृत्तीनंतर ते रविवारी संग्राहकांच्या मंडळात जाऊ लागले. तिथं त्यांना कळलं की खरी किंमत अख्ख्या पाकिटाला. शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर पडतो. तिकीट सोडवलं की गावाचं नाव फाटलं, तारीख गेली, सगळा इतिहास गेला. हे शहाणपण त्यांनी मंडळातल्या सगळ्यांना घोळवून घोळवून सांगितलं. घरी मात्र सांगायचं राहिलं. परात माळ्यावर गेली. जयवंताबाईंना वाटलं, वय झालं, हौस फिटली असेल.

या हिवाळ्यात सिव्हिल लाइन्समध्ये टपाल तिकिटांचं प्रदर्शन भरायचं ठरलं आणि बुडालेल्या गावांच्या पाकिटांसाठी रुपरावांना एक फ्रेम, म्हणजे पानं मांडायची काचेची चौकट मिळाली. घरात लगीनघाई. पाकिटं लावून तयार झालेली पानं त्यांनी कपाटात कुलपात ठेवली, कोणाला वाराही लागू दिला नाही. मोहघाटचं पान शेवटी, सगळ्यात मन लावून करायचं, म्हणून ती पाकिटं अजून बिस्किटाच्या डब्यातच होती. जयवंताबाईंनी तर माहेरच्या मैत्रिणीला, प्रयागबाईला फोनही करून टाकला, "ये वं, आपल्या गावचा शिक्का काचेत लागून राहिला!"

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी लवकर रुपराव पानांवरचा मजकूर छापून घ्यायला हुडकेश्वरला गेले. परत आले तर स्वयंपाकघरात वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर तिकिटं उलटी वाळत घातलेली, आणि बाजूला ती जुनी परात.

"मोहघाटची राहूनच गेली होती तुमची," जयवंताबाई कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाल्या. "मनलं, हातासरशी सोडवून ठेवतो."

"पाकिटं कुठं आहेत?"

"ओली झाली होती ना, कचरागाडीत टाकली सकाळीच."

रुपरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काहून हात लावला तुनं? सारा शिक्का त्या पाकिटावर होता! धरणानं एकदा बुडवलं तुझं गाव, आता दुसऱ्यांदा तुनं बुडवलं!"

जयवंताबाईंनी वाळत घातलेलं एक तिकीट सरळ करून पाहिलं. कोपऱ्यात शिक्क्याची काळी कड तेवढी होती.

"तुमीच तं शिकवलं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं. पण शब्द सुटला होता. रात्री रुपरावांना तो स्वतःलाच टोचत राहिला. शिकवलं आपण, बदललो आपण, आणि सांगायचं विसरलोही आपणच, हे त्यांना कळत होतं. उठून तिला तेवढं म्हणायला मात्र जीभ रेटेना. उद्या म्हणू, असं त्यांनी ठरवलं. ठरवणं सोपं असतं.

प्रदर्शनात त्यांनी शेवटच्या पानावर ती धुतलेली तिकिटंच लावली. परीक्षक आले, पहिल्या पानांपाशी रेंगाळले, शेवटच्या पानाशी भुवई उंचावून पुढे गेले. बक्षिसाचं काय व्हायचं ते तिथंच झालं. रुपरावांना त्याचं फारसं वाटलं नाही, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

दुपारी प्रयागबाई उमरेडच्या बसनं आली. नवं लुगडं नेसून आली होती. काचेला नाक लावून तिनं एकेक पान पाहिलं.

"आपलं कुठं हाय वं, जयवंता?"

रुपराव पुढे झाले, पण जयवंताबाईंनी आधीच उत्तर दिलं. आवाज अगदी शांत होता.

"धरणानं एकदा बुडवलं बाई, दुसऱ्यांदा मीनं."

"तिचं नाही चुकलं, प्रयागबाई," रुपराव घाईनं म्हणाले. "मीच सांगतलं नव्हतं तिले. माझ्यानं गेलं सारं."

प्रयागबाईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि काचेवरून त्या काळ्या कडेवर बोट फिरवलं. जयवंताबाई नवऱ्याकडे न पाहता तिला बाकावर घेऊन गेल्या.

पुढच्या रविवारी रुपराव मंडळात गेले नाहीत. मुलीकडे आलेल्या लग्नपत्रिकांची पाकिटं त्यांनी मुद्दाम मागून आणली होती. साधी, कसलाच इतिहास नसलेली. ती ओट्यावर ठेवून ते म्हणाले, "जयवंता, पाणी कोमट करतो मी. सोडवू दोघं मिळून, पयल्यासारखं."

जयवंताबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

रुपराव स्टुलावर चढले, माळ्यावर हात फिरवला. मग खाली, फळीवर, भांड्यांच्या मागे शोधलं.

"परात कुठं गेली वं?"

"भांडेवाली आली होती," त्या म्हणाल्या. "मोडीत देऊन टाकली."