पाठुंगळी

बेंबीवर बोट ठेवून ते म्हणायचे, "मॅडम, हिच्या वरचा सगळा माझा. खालचा सरकारजमा." घरात नवीन माणूस आलं की हे ठरलेलं. हसावं की नको अशा पेचात समोरचा पडला की त्यांना फार आनंद व्हायचा.

मी फिजिओथेरपिस्ट. रत्नागिरीहून आठवड्यातून एकदा पालीकडच्या त्यांच्या वाडीत जायचे. पहिल्या दिवशी टाचणीने पावलांपासून वर टोचत गेले, तर बेंबीपर्यंत त्यांना काहीच कळेना. छातीमागचा दहावा मणका मोडला होता आणि आतल्या मज्जारज्जूचं काम तिथेच थांबलं होतं. आंबे काढताना कलमावरून पडले होते. आंब्याच्या दिवसांत आपल्याकडे असे पेशंट येतातच. तुमच्याही ओळखीत एखादा असेल.

त्यांचं घर रस्त्याच्या बरंच खाली, उताराला. रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी, म्हणजे चिऱ्याच्या उंच, वेड्यावाकड्या पायऱ्या. वाडीच्या मुंबईकर मंडळाने व्हीलचेअर दिली होती. ती पडवीतून अंगणाच्या कडेपर्यंत जायची आणि तिथून परत. दवाखान्यातून घरी आणल्यापासून त्यांनी रस्ता पाहिलाच नव्हता. वरून एसटी गेली की मान उंचावायचे. झाडांमुळे दिसायचं काहीच नाही. "गेली," एवढंच म्हणायचे आणि खुर्ची वळवायचे. मला त्या अंगणात गुदमरल्यासारखं व्हायचं. मी तर थोड्या वेळाने वर चढून जाणार असायचे, तरीही.

"आमच्या जातीचे आनखी कोन कोन हायत?" ते विचारायचे. मग मी सांगायचे. हायवेवर मोटारसायकल घसरून मान मोडलेला एक पोरगा, त्याचे हातही गेलेले. संगमेश्वरकडे नदीच्या उथळ पाण्यात सूर मारलेला एक जण. क्षयाने मणका पोखरलेली एक बाई, ती औषधांनी पुन्हा चालू लागलेली. कुणाची रज्जू पूर्ण निकामी होते, कुणाची अर्धवट. त्यावरून ए ते ई अशी श्रेणी ठरते. ई म्हणजे धडधाकट. ए म्हणजे जखमेच्या खाली ना हालचाल, ना जाणीव.

"मग माझी कुठली?"

"ए."

"ऐकलास काय दादा? शाळेत कधी नाय मिळाली, ती हिते मिळाली!"

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. घरात दोघंच. आंघोळ, लघवीची नळी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सारखी कूस बदलणं, सगळं दादाच करायचे. दादा हसले नाहीत. ते फारसे हसायचेच नाहीत.

एकदा दादा वर दुकानात गेले होते. मी पाय ताणून देत होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, पडलो तवा पायाची बोटं हालत होती. मी बघितली. रस्त्यावर पोचलो तवा नाय हालली."

माझे हात थांबले. पडल्या पडल्या दादांनी त्यांना पाठुंगळी घेतलं होतं आणि धावत पाखाडी चढले होते, हे मला ठाऊक होतं. इथे कुणीही तेच केलं असतं. गाडी खाली येत नाही, माणूस विव्हळतोय, मग करायचं काय? पण मोडलेला मणका प्रत्येक पायरीला आत रुतत गेला असणार.

"दादाला बोलू नका," ते म्हणाले. "तो जगायचा नाय."

पुढे ग्रामपंचायतीत रुग्णवाहिकेच्या लोकांनी प्रात्यक्षिक दाखवलं. पडलेल्या माणसाला वाकवायचं नाही, उचलायचं तर फळीवर, सरळ. दादा ते पाहून आले. मी आत धाकट्या भावाला तपासून बाहेर पडत होते, तेवढ्यात दादांनी मला अंगणात गाठलं. चेहरा पार उतरलेला.

"मॅडम, खरा सांगा. मी पाठीवर घेतला म्हणून याचे पाय गेले काय?"

मी शब्द जुळवत होते, तोच आतून आवाज आला. "काय विचारतोस रे खुळ्यासारखा? पडलो तवाच गेले. तुझ्या पाठीवर मना पाय होते कुठं?"

दादा माझ्याकडे बघत राहिले. मी मान डोलवली. खोटं बोलल्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

गणपतीनंतर त्यांच्या पाठीला जखम झाली, चिघळली, ताप उतरेना. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. पण मला राहून राहून आठवतो तो त्यांना रत्नागिरीला हलवलं तो दिवस.

दादांनी मागच्या दाराची फळी उतरवली होती. वाडीतल्या माणसांनी भावाला तिच्यावर बांधलं. दादा पुढचा कोपरा धरून पाखाडी उलटे चढत होते आणि ओरडत होते, "सरळ धरा रे! वाकवू नका! कंबर सांभाळा!" त्या पाठीत आता सांभाळायचं काही उरलं नव्हतं. मागून चढताना मला रडू आवरेना.

वर रस्त्यावर फळी टेकवली. कितीतरी दिवसांनी ते रस्त्यावर आले होते, पण त्यांनी रस्त्याकडे पाहिलंही नाही. दादा त्यांच्या पायांशी उकिडवे बसले. पावलांवरची चादर बाजूला केली.

"बोटं हलव बघू," दादा म्हणाले.

ते आभाळाकडे बघत होते. कपाळाच्या शिरा ताणल्या गेल्या.

"हलवतोय, दादा."

बोटं तशीच होती. "हालली," दादा म्हणाले, आणि पावलांवर चादर ओढली.