थाळीला दिलेला हुंकार

श्रीगजानन आणि कुलस्वामिनी यांना वंदन करून लिहितो. आज घरी सत्यनारायणाची पूजा झाली, सौभाग्यवतीने स्वतः उभे राहून प्रसादाचा शिरा ढवळला. त्या निमित्ताने, मनात कोंडलेले आपल्या सदराच्या वाचकांपुढे ठेवतो.

भुताखेतांवर माझा विश्वास कधीही नव्हता. देवावर आहे, म्हणूनच नव्हता. जव्हारमध्ये आयुष्यभर संस्कृत शिकवले, पौरोहित्य केले. कोणी झपाटल्याचे सांगितले, की त्याला आधी डॉक्टरकडे धाडत असे.

सौभाग्यवतीच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. औषधांच्या वेळा चुकवून चालणार नव्हते, आणि तिची नजर अधू. म्हणून चिरंजीव श्रीधरने घरीच इलेक्ट्रॉनिक घड्याळ करायला घेतले — मोठे लाल आकडे, औषधाच्या वेळी बझर. दर्शनी भाग मात्र त्याला प्लॅस्टिकचा नको होता. "आईच्या डोळ्यांसमोर राहणार, बाबा. जरा देखणं नको का?"

मोखाड्याच्या आठवडी बाजारात भंगारवाल्याकडे त्याला एक पितळी थाळी मिळाली. काळवंडलेली, मधोमध मेणाचा घट्ट गोळा. तो त्याने गरम करून खरवडला. देवाची उपकरणी उजळतो तशी मी ती चिंच आणि राख लावून घासली, वर शुद्धीचा मंत्र म्हटला. मग ड्रिलने भोके पाडून त्याने बारीक करवतीने आकड्यांसाठी खिडकी कापली, कडा कानशीने घासल्या. पॉलिश पेपर — आधी खरखरीत, मग पाण्यात भिजवलेला मऊ — एकाच दिशेने फिरवला आणि शेवटी मशीनला कापडी चाक लावून चकाकी आणली. मी बघतच राहिलो.

"माझ्याकडे नाही कधी असं टक लावून बघितलंत!" — पलंगावरून सौभाग्यवतीचा टोमणा आला.

वर दिलेला लॅकरचा पारदर्शक हात वाळावा म्हणून थाळी तिच्या पलंगासमोरच्या खिळ्याला टांगली. घड्याळ अजून टेबलावर सुटेच होते, वायरही जोडलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी पोथी वाचत असता गुंजारव ऐकू आला. लांब, खालच्या सुरातला... थांबे, पुन्हा सुरू होई. वाटले, भुंगा असेल. तेवढ्यात तिचा आवाज आला — "हूं."

पुन्हा गुंजारव. पुन्हा "हूं." गोष्ट ऐकताना आपण देतो तसा.

जवळ गेलो. डोळे उघडे, नजर थाळीवर, हात गार पडलेला. "अगं, कोणाला हूं म्हणतेस?" तिने पुन्हा थाळीलाच हूं दिला. श्रीधरने थाळीला तळहात टेकवला आणि झटक्याने मागे घेतला. "बाबा... ही थरथरतेय."

त्याच वेळी पोशेऱ्याच्या पाड्यावरचा लहानू रानभाजी घेऊन दारात आला. "आई, घे भाजी, नायतर मीच खाईन" अशी चेष्टा केल्याशिवाय हा गृहस्थ उंबरा ओलांडत नसे. आज टोपली त्याच्या हातून सुटली.

"आई, हूं नको करू! गप ऱ्हा!" मग माझ्याकडे वळून — "बाबा, थाळ कुठशी आनला? मेण कुनी काढला?"

"आम्हीच. का रे?"

"मानूस मेला का आमच्यात थाळ वाजवतात. मेणात काडी उभी करून तिच्यावरून बोटं ओढायची न कथा सांगायची. मेल्याला वाटंला लावायला. कथा पुरी होईतो मेण काढत नाय. न हूं करायचा तो वाजवनाऱ्याच्या जोडीदारानं. दुसऱ्यानं केला तं..."

"तर काय?"

"मला नाय ठावं, बाबा. कुनी केलाच नाय."

श्रीधरने आईला दवाखान्यात हलवले. मी थाळी उपरण्यात गुंडाळली आणि लहानूबरोबर जीपने सूर्यमाळला निघालो. तिथे त्याचा मामा थाळ वाजवतो. वाटेत श्रीधरचा फोन आला. "बाबा, आई इथेही हूं करतेय. नाडी उतरतेय." मांडीवर थाळी थरथरत होती. माझ्या तोंडून रामरक्षेची ओळसुद्धा धड निघेना.

म्हाताऱ्याने थाळी उलटसुलट पाहिली. "ह्याला खिडकी पाडली. हा आता वाजायचा नाय." तरी त्याने मेण लावून काडी रोवली, बोटे ओढली. नुसती कोरडी खरखर. "कथा सांगतो. पन जोडीदार मेला माझा. हूं कोन देल?"

लहानूने मान खाली घातली. त्याची पोरे लहान आहेत.

मी आचमन केले आणि म्हणालो, "मी देतो."

त्याच्या बोलीतले निम्मे मला कळले नाही. पहिल्या थांब्याला मी म्हटले, "हूं." आणि ती कापलेली, फुटकी थाळी भरल्या सुरात वाजू लागली! म्हाताऱ्याची बोटेही दचकली, पण तो थांबला नाही.

शेवटी मी विचारले, "पुरी झाली का?"

"झाली आसंल. कुन्या मेल्याची व्हती, ते कुठं ठावं?"

थाळी तिथेच ठेवून परतलो. तिकडे सौभाग्यवती गाढ झोपली होती, नाडी सुधारली होती. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडले. पडलेही असेल. आता घड्याळाला साधी सागवानी चौकट आहे, आणि सौभाग्यवती रोज वेळेवर औषध घेते.

पण दुपारी, रिकाम्या खिळ्याकडून, गुंजारव येतो. तिला ऐकू येत नाही. मला येतो. मी मोठ्याने जप सुरू करतो, तोंड मोकळे राहू नये म्हणून... परवा ती म्हणाली, "अहो, जप करता करता मधेच हूं काय म्हणता?"

मला म्हटल्याचे स्मरत नाही. याचा उलगडा माझ्या कोणत्याही शास्त्रात मला सापडलेला नाही.

वाचकहो, आपल्या घरी आरोग्य नांदो, लेकराबाळांना दीर्घायुष्य लाभो. आणि भर दुपारी कोणी अदृश्य गोष्ट सांगू लागलेच, तर आपल्या साऱ्यांच्या ओठांवर आधी भगवंताचे नाम येवो. शुभं भवतु.