वरच्या खुणेच्याही वर

माझी गाडी डिझेलची, टर्बोवाली. माझ्या आधी तिचे दोन मालक होऊन गेलेत. राहायला मी आरमोरीला आणि शाळा तिथून तासाभरावर, जंगलातल्या गावात. बस आहे, पण ती तिच्या मर्जीनं येते आणि मुख्याध्यापिका झाल्यापासून मला वेळेवर पोचावं लागतं. म्हणून गाडी घेतली. त्याच सुमारास आई गेली, आणि बाबा सिंदेवाहीच्या घराला कुलूप लावून माझ्याकडे राहायला आले.

बाबांची उभी हयात राइस मिलचं इंजिन चालवण्यात गेली. गाडी दारात लागली त्याच दिवशी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, हात पाठीमागे बांधून बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले, "इंजिन माह्याकडं. तू फक्त चालवाचं काम कर." तेव्हापासून दर रविवारी सकाळी जुनी खाकी पँट चढवून ते पाणी, ऑइल, बेल्ट तपासू लागले. बाकीचे सहा दिवस ते माझ्या घरात पाहुण्यासारखे वागत, पाण्याचा ग्लासही विचारून घेत. रविवारी मात्र घर त्यांचं असे. चहात साखर कमी पडल्याची तक्रार मी फक्त रविवारीच ऐकली आहे, आणि खरं सांगते, ती ऐकायला मला बरं वाटायचं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर गाडीची ओढ गेली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी चढावर ती कण्हायची. एका सकाळी सागाच्या जंगलातून जाताना मागे निळसर धुराचा लोट सुटला. समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, "मॅडम, गाडी पेटली का?" त्या पट्ट्यात वाघाचा वावर आहे, तिथे कोणी गाडीतून उतरत नाही. मी काचा वर करून, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रडतरखडत शाळा गाठली.

नागपूरच्या एका वर्कशॉपला फोन केला. त्यांनी गाडी न बघताच निदान केलं, "टर्बो गेला, नवा टाकावा लागेल." झालं, माझं डोकं फिरलं. दिवाळीनंतर सर्व्हिसिंग केली होती ती आरमोरीच्याच मेकॅनिकनं. त्यानंच काहीतरी घोळ केला असणार, असं मी ठरवून टाकलं. सुट्टीच्या दिवशी बाबांना शेजारी बसवलं आणि गेले त्याच्या गॅरेजवर.

मेकॅनिक पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. चार गिऱ्हाइकं उभी असताना मी त्याला सुनावलं, "भाऊ, तुमच्यावर भरवसा ठेवला हेच माझं चुकलं." त्यानं हात पुसले आणि टर्बोनं दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे नेणारा जाड रबरी पाइप सोडवला. पाइप खाली वाकवताच त्यातून काळं ऑइल धार लागल्यासारखं ओघळलं. हवेच्या पाइपात ऑइल! मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हे पाहा. टर्बो फुटलाच ना?"

"थांबा ना मॅडम," तो म्हणाला. त्यानं टर्बोच्या तोंडात दोन बोटं घालून आतला दांडा हलवून पाहिला, मग मलाही हलवायला लावला. "आत-बाहेर सरकते का? नाई ना? पाती पण साबूत आहेत. टर्बो चांगला आहे." मग त्यानं इंजिनातली ऑइलची पट्टी ओढली, पुसली, परत घातली आणि काढून उन्हात धरली. पट्टीवर दोन खुणा असतात, खालची कमीत कमी आणि वरची जास्तीत जास्त. ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर चढलेलं होतं.

"मॅडम, मी टाकलो तवा बरोबर खुणेवर होतं. मंग कोण टाकून राह्यलं ऑइल?"

मला उत्तर ठाऊक होतं. स्टुलावर बसलेले बाबाच बोलले, "मी टाकतो, भाऊ. दर रविवारी."

मेकॅनिकनं एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मघाशी मी जे बोलले होते ते सव्याज परत करायची ही नामी संधी होती. त्यानं ती घेतली नाही. आवाज खाली आणून तो बाबांना समजावू लागला, "काकाजी, ऑइल जास्त झालं का आतला क्रँक त्याले घुसळते. त्याचा फेस होते, वाफ होते. ते वाफ ब्रीदरच्या पाइपातून हवेच्या रस्त्यात जाते, आन टर्बो तिले पुढं फेकते. मंग सारं इंटरकूलरमंदी जमते. थोडंसं ऑइल तं सगळ्याच गाड्यात भेटते. पण हे लयच आहे. लय जमलं तं इंजिन तेच ओढून पेते आन बेकाबू होते."

बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग हसून म्हणाले, "सवय आहे, भाऊ. आमी धान मोजणारी माणसं. पायलीवर शीग नसली तं देल्यासारखं वाटत नाई."

गिऱ्हाइकं हसली. आमच्याकडे धान मोजताना पायली काठाशी सपाट करणारा माणूस कंजूष ठरतो, वर शीग, म्हणजे काठाच्या वर टोकदार रास, यायलाच हवी. आमच्या तुकडाभर शेतातल्या कापणीच्या मजुरीचं धान बाबा अशीच शीग लावून देत, आणि मजूर बाया त्यांचं नाव काढत. मेकॅनिकही हसला आणि म्हणाला, "काकाजी, माणसाले शीग लावा. इंजिनाले नोका लावू." मी मात्र हसले नाही. मला लाज वाटत होती, आणि ती कोणाची वाटत होती हे तेव्हा मी स्वतःलाही विचारलं नाही.

सफाईला दिवस गेला. आधी जास्तीचं ऑइल खालून काढलं. इंटरकूलर उतरवून त्यात डिझेल भरलं, खळखळून ओतलं, पुन्हा भरलं, स्वच्छ डिझेल बाहेर येईपर्यंत. हवा इंजिनात शिरते त्या मॅनिफोल्डमध्ये धुराची काजळी आणि ऑइल मिळून काळं किटण साचलं होतं, भात शिजवायच्या गंजाच्या बुडाला करपून बसतं तसं. ते खरवडायला बाबा पुढे सरसावले. बाह्या दुमडून त्यांनी एकेक पाइप आतून चिंधीनं पुसला. मेकॅनिकनं सगळे भाग उन्हात उलटे टाकले आणि वाळेस्तोवर कशालाच हात लावू दिला नाही. ओलं बसवलं तर राहिलेलं डिझेलही इंजिनात ओढलं जातं म्हणाला. संध्याकाळी गाडी पूर्वीसारखी ओढू लागली. निघताना मी मेकॅनिकची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. पण काकाजीले काई म्हणू नोका."

मी काही म्हणाले नाही. म्हणजे फक्त एकच वाक्य म्हणाले, गाडीत बसल्यावर. "बाबा, यापुढं मीच पाहत जाईन."

पुढच्या रविवारी बाबा अंगणात आले नाहीत. खाकी पँट धुऊन, घडी घालून ट्रंकेत गेली. ऑइलचा उरलेला डबा त्यांनी शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला देऊन टाकला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी चहा मुद्दाम फिका केला, तोही त्यांनी मुकाट्यानं पिऊन कप विसळून ठेवला. एका वाक्यानं मी माझ्या बापाला माझ्या घरातला कायमचा पाहुणा करून ठेवलं होतं.

चौथ्या रविवारी मी स्वतः बॉनेट उघडलं. गॅरेजमध्ये पाहूनही पट्टी कुठली हेच कळेना. इतकी वर्षं गाडी चालवून मी ती कधी ओढून पाहिली नव्हती. हाक मारली, "बाबा, सापडून नाई राह्यली." ते आले. न बघताच हात आत घालून त्यांनी पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, काढली आणि माझ्यापुढे धरली. "पाय, किती आहे तं."

"तुमीच पाहा ना," मी म्हणाले. त्यांना त्यांचं काम परत करते आहे, या समाधानात मी होते.

त्यांनी पट्टी उन्हात धरली. डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, तिरपी केली. आणि माझ्या लक्षात आलं की ते भलत्याच जागी पाहत आहेत, जिथे ऑइल नव्हतंच तिथे. गेल्या काही महिन्यांत पेपर वाचणं त्यांनी सोडलं होतं. "बातम्या सारख्याच असतात," असं म्हणायचे, आणि मीही ते मान्य करून टाकलं होतं.

"बाबा, दिसते का?"

"नाई," ते म्हणाले. "डोयासमोर धुकं आल्यासारखं होते. धान कापणीपासून."

"म्हणजे ते शिगेचं..."

"चार लोकांसमोर काय सांगू? ऑइल कुठवर आहे ते मले दिसतच नव्हतं. मंग अंदाजानं टाकत होतो. कमी पडलं तं इंजिन धरते, जागीच बंद पडते. आन तू त्या जंगलात एकटी." मग ते म्हणाले, "जास्तीनंही बिघडते, हे मले मालूम नव्हतं."

मला रडू आलं आणि रागही आला. "डोळ्यांचं ऑपरेशन होते बाबा! गडचिरोलीले रोज होते. मले सांगतलं काऊन नाई?"

त्यांनी पट्टी चिंधीनं सावकाश पुसली, स्वच्छ झाली तरी पुसत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "सांगतलो असतो, तं तू मले या गाडीले हात लावू देली असती का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण ज्या माणसानं इतके महिने माझ्यापायी आंधळेपणानं अंदाज बांधले होते, त्याच्याशी खोटं बोलायला जीभ वळेना.

"नसती देली, बाबा."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता त्यात. पट्टी त्यांनी परत आत बसवली, बाहेर ओढली आणि माझ्या हातात दिली. मी पाहिलं, ऑइल वरच्या खुणेच्या जरासं खाली होतं, हवं तिथेच. मी तसं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नसावा. "कुठी?" म्हणत त्यांनी अंगठा पुढे केला. खुणेच्या जागी पट्टीवर बारीक खाच होती. मी त्यांचा अंगठा धरून नख त्या खाचेवर टेकवलं. ते दोन-तीनदा नख फिरवून पाहत राहिले, आणि मी त्यांचा हात सोडला नाही.